तुझ्या टाकीतलं मीठ

ताई, माशांच्या टाकीतल्या पाण्याचं मीठ चाळीसच्या पुढे गेलं होतं.

आधी हेच सांगते, कारण तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस. मी आठवडाभर दौऱ्यावर राहून आले, ताप घेऊन आले, एकदा तर पोलीस ठाण्यात दिवस काढून आले, तरी दारात तुझा पहिला प्रश्न ठरलेला: "जाताना पाणी बघितलं होतंस का?" मी म्हणायचे, आधी माणसाचं विचार गं. तू म्हणायचीस, "माणूस समोर उभं आहे, दिसतंय मला. मीठ दिसत नाही."

तू गेल्यावर लोकांनी माझ्याकडे तुझ्याबद्दल दोन शब्द मागितले. तुझ्या ऑफिसनं मागितले, आमच्या संघटनेनंही मागितले. जन्म अमुक, शिक्षण तमुक, स्वभाव मनमिळाऊ. मनमिळाऊ! तू गोडाऊनच्या डिस्पॅचला बसायचीस तेव्हा ड्रायव्हर लोक तुला घाबरून चहा गेटबाहेर प्यायचे. मी ते दोन शब्द दिले नाहीत. तुझ्या तापात काय झालं, दवाखान्यात कुणी किती वेळ नुसतं बसवून ठेवलं, तेही इथे लिहीत नाही. ते पत्रक आहे. ते मी वेगळं लिहीन आणि सोडणार नाही कुणाला. हे पत्रक नाही. हे तुला सांगतेय, समोर बसवून सांगावं तसं, आणि मधे बोलायचं असेल तर बोल.

तेरावं होईपर्यंत मी शेलारला होते, गावी आई-बाबांजवळ. बाबा आणि मी इतके दिवस एका छपराखाली, आणि एकदाही आवाज चढला नाही, यावरून घराची काय अवस्था होती ते समज. बाबांनी जमीन गोडाऊनला दिली तेव्हापासून आम्ही दोघं जेवतानासुद्धा पाठ करून बसायचो. आता समोरासमोर बसलो आणि दोघांनाही काही बोलायचं सुचलं नाही. ते भांडण बरं होतं.

इकडे आपल्या फ्लॅटवर काकी राहिली. तुझं नाव घेऊन तिनं स्वतःच सांगितलं, "मनीच्या घरात दिवा नको का लावाया? मी र्‍हाते." कुणी तिला विचारलं नव्हतं. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, लिफ्टची तिला भीती. तरी राहिली. मी तिला फोनवर सांगितलं, काकी, टाकीतलं पाणी रोज थोडं कमी होतं, तेवढं घालत जा. ती म्हणाली, बरं. बाल्कनीत तुझे दोन निळे ड्रम, दोन्हींवर तुझ्या अक्षरात मार्करनं लिहिलेलं, एकावर ‘खारं’, दुसऱ्यावर ‘गोडं’. आणखी काय सांगायचं असतं?

परत आले तेव्हा काचेच्या वरच्या कडेला पांढरी पोपडी धरलेली. नळीवर, झाकणावर, पंख्याच्या जाळीवर, सगळीकडे मीठ. पाण्याची पातळी मात्र तुझ्या खुणेवर, अगदी तंतोतंत. अध्यक्ष आणि चिटणीस दोघंही एका कोपऱ्यात, पाण्याच्या झोतापासून लांब, धापा टाकल्यासारखे. (वाचणाऱ्यांसाठी सांगते: हे दोन नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश. नावं ताईनं ठेवली, मला डिवचायला. मोठी मादी ती अध्यक्ष. "तुमच्या संघटनेत बाई अध्यक्ष कधी झालीय का? माझ्या टाकीत आहे.") कोळंबी दिसेचना. लाल पाठीवर पांढरी रेघ असलेली तुझी ती कोळंबी, जी माशांच्या अंगावर चढून त्यांना साफ करायची. काकीनं पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाली होती, "येवडी एकच पाललीस? कालवनाला तरी पुरंल काय?" तू म्हणालीस, काकी, ती साफसफाई करते. "मंग मला दे. माज्याकडं लय पसारा हाय."

कोळंबी दगडाच्या मागे होती. हलत होती. बस, एवढंच.

मी तुझी ती मीठ मोजायची दुर्बिणीसारखी नळी काढली, काचेवर पाण्याचे दोन थेंब ठेवले, खिडकीकडे धरून बघितलं. निळा आणि पांढरा जिथे मिळतात ती रेघ चाळीसच्या वर. असायला हवी पस्तीसवर. आधी मला वाटलं, यंत्र खोटं बोलतंय. माझी सवय, आकडा आला की मी आधी तो कुणी काढला ते विचारते. यंत्र तपासायचं, नेमकं पस्तीसचं पाणी तू वेगळ्या बाटलीत ठेवलेलंच होतंस. त्याचे थेंब टाकले, रेघ बरोबर पस्तीसवर. यंत्र खरं. म्हणजे टाकीच बिघडलेली.

"काकी, तू कुठलं पाणी घालत होतीस?"

"मिठाचं. त्या पयल्या डरममदलं."

"अगं, पण..."

"पन काय? मी इचारून घातलं. येडी हाय का मी?"

आणि खरंच, ताई, तिनं विचारलं होतं. तिथेच तर सगळा घोळ आहे.

टाकीच्या फळीवर, जिथून तू मासे आणलेस त्या जावेदभाईंच्या दुकानाचा स्टिकर आहे, त्यावरचा नंबर बघून काकीनं त्यांना फोन लावला होता. ड्रम दोन, मग कुठलं घालू, हे तिनं नीट विचारलं. जावेदभाईंनीही नीट सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बादल्या घेऊन आले (ते का, ते पुढे सांगते), तेव्हा आपल्या हॉलमध्ये दोघांची समोरासमोर गाठ पडली.

"चाची, मैंने साफ बोला था, मीठा पानी डालना, सिर्फ मीठा."

"मंग? मिठाचंच घातलं ना!"

"अरे मीठा मतलब मीठा! खारा नहीं!"

"मीठ गोड असतं काय रे कुठं? आमच्या घरान जल्मापासून मीठ खारंच हाय."

जावेदभाई माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. त्यांना गोडं पाणी म्हणायचं होतं. तिला मिठाचं पाणी ऐकू आलं. या गावात आपण दिवसभर इकडून तिकडे उड्या मारत बोलतो, अर्धं वाक्य मराठी, अर्धं हिंदी, आणि कुणाचं काही अडत नाही. अडलं ते नेमकं या एका शब्दावर, नेमकं तुझ्या टाकीत.

तू किती हसली असतीस! तू तोंडावर ओढणी धरून हसायचीस, आवाज न करता, खांदे हलायचे फक्त. ही गोष्ट जगात एकाच माणसाला सांगण्यासारखी होती.

काकीला मी म्हटलं, पण तुला शंकाही आली नाही? ती म्हणाली, "शंका कशाला येयाची? माजं म्हायेर खारबावचं. आगरात पानी उतरलं का उधानाचं खारं पानी आत घेयाचं. गोडं पानी शिरलं का माजा बापूस डोक्याला हात लावून बसं. आख्खं पीक जाय."

"काकी, इथे मीठ पिकवायचं नव्हतं."

"मंग कशाला येवडा खारा पसारा मांडला तिनं?"

आपण मिठाच्या आगरातली माणसं, आगरी, जातीचं नावच तिथून आलेलं. खारं पाणी आत घ्यायचं, उन्हात उडू द्यायचं, परत घ्यायचं, परत उडू द्यायचं, शेवटी वाफ्याच्या तळाशी मीठ. तिच्या बापानं तेच केलं, त्याच्या बापानं तेच. आणि तू आपल्यातली पहिली बाई, जी रोज सकाळी मीठ पिकू नये म्हणून धडपडत होती. काकीनं तुझ्या टाकीचं मिठागर केलं, आणि फार चांगलं केलं. अजून काही दिवस राहिली असती तर पीक निघालं असतं.

मी रागावले नाही. रागावायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "आंघोल झाली का पयला तांब्या तिच्या नावानं घाली मी. मंग माजा चा." मी तोंड मिटलं. रिक्षात बसताना तिनं विचारलं, "मासं वाचतील ना गो?" मी म्हटलं, वाचतील. मला काय माहीत?

आता बादल्यांचं. जावेदभाई स्वतःहून आले नव्हते, बाबांनी बोलावलं होतं. मासे देऊन टाकायचे, टाकी विकायची, फ्लॅटला कुलूप लावायचं आणि मला शेलारला न्यायचं, असं सगळं त्यांनी ओट्यावर बसून ठरवलेलं. मला न विचारता. तू असतीस तर त्यांना म्हणाली असतीस, बाबा, निदान विचारल्याचं नाटक तरी करा.

जावेदभाईंचं म्हणणं सरळ होतं. "दीदी, टेन्शन नको. आधा पानी काढून टाका, मीठा पानी भरा... गोडं, गोडं पानी. एका तासात पस्तीस. मग मी सगळे घेऊन जातो."

"आणि कोळंबी?"

"मछली को कुछ नहीं होगा. झिंग्याची गॅरंटी नाही." मग म्हणाले, "एक झिंगा आहे, दीदी. दुसरा आणून देतो."

बाबांचा फोन त्याच वेळी. "आजच्या आज घरी ये."

"बाबा, आज हलवलं तर कोळंबी मरेल."

"कोलंबी मरंल म्हणून पोरगी एकटी र्‍हानार? लोक काय म्हनतील?"

"लोकांना मिठाचं पाणी द्या," मी म्हटलं. तेराव्यानंतर आमचं पहिलं भांडण. पलीकडे बाबांनी फोन आपटला, आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, त्यांनाही वाटलं असणार.

जावेदभाईंना मी रिकाम्या बादल्या घेऊन परत पाठवलं. पाणी आधी जागेवर येऊ दे, हळूहळू, मग बघू. ते जिन्यात थबकले आणि म्हणाले, "दीदी, तुम्ही हळूहळू बोलताय?"

मला या गावात कोण ओळखत नाही! खाडीत रंगाचं पाणी सोडणाऱ्या कारखान्यांच्या विरोधात पत्रकं वाटणारी ती पोरगी. कापडाच्या लूमच्या शिफ्टला, मशिदीच्या गल्लीत, देवळाच्या पायरीवर, सगळ्यांच्या हातात कागद कोंबणारी. आणि त्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी जाड ठशात माझा आवडता शब्द: ताबडतोब. सांडपाणी ताबडतोब बंद करा. चौकशी ताबडतोब करा. दोषींवर ताबडतोब.

आपलं ते भांडण त्याच शब्दावरून झालं होतं, आठवतं? मी नवीन पत्रकाचा मसुदा तुला वाचून दाखवत होते, तू टाकीचं झाकण पुसत होतीस. ‘खाडी मेली आहे’ असं पहिलं वाक्य. तू पाठमोरीच म्हणालीस, "मेली ना? मग मोर्चा कशाला? तेरावं घाला." मी चिडले. तू कागद हातातून घेतलास, ओल्या बोटांनी, आणि ‘ताबडतोब’ दिसेल तिथे काट मारलीस.

"ताबडतोब काही होत नाही, पुढारीणबाई. ताबडतोब फक्त मरतं."

मग तू मला बसवून समजावलंस, लहान पोरीला समजावतात तसं. आमटी गॅसवर राहिली आणि आटली, तर काय होते? खारट. मीठ वाढलं का? नाही, पाणी गेलं. मग तू वरून आमटी घालशील का? गोडं पाणीच घालशील ना? टाकीचं तेच. पाणी रोज उडतं, मीठ जागच्या जागी. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून पंखा लावावा, तर त्यानं पाणी दुप्पट उडतं. म्हणून रोज, जेवढं गेलं तेवढंच गोडं पाणी. चार दिवस विसरून पाचव्या दिवशी बादली ओतली तर बिचाऱ्यांच्या अंगातलं सगळं गणित बिघडतं. "मासा थोडं वाईट पाणी सोसतो गं. बदल सोसत नाही."

मी म्हटलं, हेच सगळे सत्तेवाले म्हणतात. सगळं जागेवर राहू द्या, ढवळू नका. जागेवर म्हणजे कुणाच्या जागेवर?

तू म्हणालीस, "मी माशांचं बोलतेय."

मी म्हटलं, तू माशांचं कधीच बोलत नाहीस.

मग तू ते वाक्य बोललीस. झाकण बसवताना, माझ्याकडे न बघता. "पाणी रोज उठून बाहेर जातं. मीठ कुठे जातं? घरातच बसतं आणि अजून खारट होतं."

हे अन्यायाचं होतं, ताई. भांडणात असं वाक्य वापरायचं नसतं, ज्याला समोरच्याकडे उत्तर नसतं. मी चप्पल घातली आणि बैठकीला गेले. परत आले तेव्हा तू जेवण झाकून ठेवलं होतंस, आणि आपण दोघी त्यावर पुन्हा कधीही काही बोललो नाही. मला विचारायचं होतं की तू टाकीचं बोललीस, की घराचं, की स्थळं परत पाठवत गेलीस त्या वर्षांचं. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मिठाचं." मला माहीत आहे. तरी विचारायला हवं होतं, निदान तुझा चेहरा बघायला मिळाला असता.

तर आता ऐक मी काय केलं. रोज सकाळी टाकीतलं एक जग पाणी काढायचं, तेवढंच गोडं घालायचं, झोताजवळ, धार बारीक ठेवून. संध्याकाळी पुन्हा. मधे नळीतून बघायचं नाही, कारण बघितलं की हात शिवशिवतो. पहिल्या दिवशी रेघ हललीच नाही. दुसऱ्या दिवशी हलली असं वाटलं, पण बहुतेक मलाच तसं हवं होतं. मला वेड लागायची पाळी आली. एवढा मोठा ड्रम गोड्या पाण्यानं भरलेला, एवढीशी टाकी, ओतलं तर आत्ता होईल! माझा सगळा जन्म ‘ओता’ म्हणण्यात गेला. आणि बाबा म्हणतात आजच्या आज, जावेदभाई म्हणतात एका तासात, संघटनेतून फोन की पत्रकाचा मजकूर ताबडतोब पाठव. सगळं गाव माझ्या शब्दात बोलायला लागलं आणि मी एकटी जग घेऊन उभी.

दोन वेळा घरी असायचं म्हणजे काय असतं, हे मला या दिवसांत कळलं. सकाळी लांब जाता येत नाही, संध्याकाळी उशीर करता येत नाही. दुपारी घरात कुणी नसतं. खालच्या लूमचा खटखटाट फरशीतून पायाला लागतो आणि पाण्यावर बारीक जाळी उठते. मी वाट बघत बसते. कशाची, विचारू नकोस. तू ऑफिसातून यायचीस त्या वेळेला जिन्यात पाऊल वाजलं की अजून कान जातो, आणि ते पाऊल वरच्या मजल्यावर निघून जातं. मी आल्यावर तू टीव्ही बंद करायचीस, मला वाटायचं रागानं. आता मी टीव्ही लावून ठेवते, नुसता आवाज म्हणून, आणि विचार करते की कुणी आलं तर मीही बंद करीन.

रेघ उतरत गेली. चाळीसच्या खाली आली तेव्हा अध्यक्ष कोपऱ्यातून बाहेर आली, तिच्या मागे चिटणीस, नेहमीसारखा. मी दाणे टाकले, दोघांनी खाल्ले. मी जावेदभाईंना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. आणखी कुणाला पाठवणार? फोनमध्ये तुझा नंबर सगळ्यात वरच होता.

तुझा वाढदिवस आठवला. पस्तीस लागलं तेव्हा तू केक कापता कापता म्हणालीस, "आता मी आणि टाकी एकाच आकड्यावर. मी इथेच थांबते, पुढे जात नाही." मी हसले होते. हा विनोद आता कुणालाही सांगता येत नाही, म्हणून तुलाच परत केला.

आणि हो, उत्तर मला सापडलंय. तुझ्या काट मारण्याला. उशिरा सापडलं, पण ऐकून घे. टाकी बिघडते ती दुर्लक्षानं, चुकीनं, काकीच्या मायेनं. ती हळूहळू बिघडली म्हणून हळूहळू सुधारायची, मान्य. खाडीत मात्र रंग सोडणारा झडप उघडतो ती एका झटक्यात. तो टप्प्याटप्प्यानं सोडत नाही. त्याला कुणी म्हणत नाही की माशांना सवय होऊ दे. सगळं विष ताबडतोब आणि मागणी तेवढी सावकाश, हा कुठला न्याय? बोल! तुझ्या ओल्या बोटांनी काट मारलेला तो शब्द मी परत घालणार आहे, सगळ्या जागी.

बोल ना. इथे तू काहीतरी म्हणाली असतीस. ‘झडप’ हा शब्द चुकीचा आहे, असं तरी. मी दोन्ही बाजूंनी बोलून बघितलं, तुझ्या बाजूनं मी मुद्दाम हरते. त्यात मजा नाही.

काल सकाळी रेघ पस्तीसच्या जवळ आली, केसाएवढी वर. जग ठेवला आणि वाळूकडे लक्ष गेलं. कोळंबी कुशीवर पडलेली. पाय आत ओढलेले, मिशा लांब पसरलेल्या, पाण्याच्या झोतानं हलत होत्या तेवढंच. अंग काचेसारखं, आरपार दिसत होतं.

मी तिला इतके दिवस जपलं होतं. तिच्यासाठी बाबांशी भांडले, बैठका बुडवल्या. मासे कशातूनही निभावले असते, सगळा उपद्व्याप तिच्यासाठीच होता. आणि ती आता मरते? आता, पस्तीसवर?

मी हाक मारली. "ताई!" आतल्या खोलीकडे तोंड करून, पूर्ण आवाजात, मोर्चातल्या आवाजात. "ताई, लवकर ये, कोळंबी बघ!"

मारून झाल्यावर कळलं काय केलं ते.

तुला नेलं तेव्हा मी रडले नव्हते. लोकांनी ते लक्षात ठेवलंय, आईच्या कानावरही आलं. काल मी टाकीसमोर फरशीवर बसले आणि रडले, तोंडाला ओढणी न लावता, खालच्या लूमच्या आवाजापेक्षा मोठ्यानं. कुणाला ऐकू गेलं नाही. गेलं तरी कुणी आलं नाही.

मग दगडाच्या मागून दोन पांढऱ्या मिशा बाहेर आल्या. आधी मिशा, मग लाल पाठ, आधीपेक्षा लाल, नवी कोरी. ती चालत आली आणि त्या पडलेल्या कोळंबीजवळ थांबली, आणि तेव्हा मला उमगलं की पडली आहे ती नुसती कात. कोळंबी वाढते, कात टाकते, दोन दिवस मऊ अंगानं लपून बसते. तू मला दाखवली होतीस एकदा, चिमट्यात धरून, आणि मी फोनमधून मान वर न काढता म्हटलं होतं, भारी.

यातून मी कुणाला काही शिकवणार नाही. आत्मा, देह, जुनं वस्त्र, तसलं काही लिहायला लोक टपलेले असतात. कोळंबीनं कात टाकली, पाणी तिला मानवलं, एवढंच झालं. कात मी काढली नाही, तीच ती कुरतडून खाते.

बाबांना फोन केला. म्हटलं, तिचं कवच घट्ट होईपर्यंत हलवता येणार नाही. त्यांनी विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, माहीत नाही. मग म्हणाले, "पानी घालतंस ना रोज? गोडंच घाल." आणि ठेवला.

आज रेघ पस्तीसवर आहे. मी आत्ताच बघितली. संध्याकाळचं पाणी घालायचंय, मग पत्रकाचा मजकूर पाठवायचाय. पत्रकाच्या शेवटी मागण्या असतात, आम्ही त्या क्रमानं लिहितो, मोठी आधी. हे पत्रक नाही असं मी वर म्हटलंय, तरी हात तिकडेच वळतो. तर ताई, एकच मागणी आहे, आणि ती तुझ्याच शब्दात, हळूहळू, वाटेल तेव्हा, काही घाई नाही.

काल मी हाक मारली होती. ओ दे.